चुन्याची खूण

जीपमध्ये बसण्याआधी चपला काढायचा. चहाची बशी रिकामी होईपर्यंत बोलायचा नाही. चढ संपला की बॉनेट थोपटायचा, गाय थोपटावी तसं. पत्राखाली सही करताना श्वास रोखायचा. रोज दोन ताटल्या घासायचा, जेवायचा एकीतच.

सहदेव परब मुलुंडच्या डोंगरावर, दगडाच्या खाणीच्या वस्तीत राहायचा. मी खाली गावात. चौपन्न साली मराठी घेऊन बी.ए. झालो, नोकरी नव्हती. त्याची पत्रं मी लिहायचो. सगळी एकाच पत्त्यावर, कणकवलीकडे, त्याच्या बायकोला. वस्तीत पाणी नव्हतं. मालनने दोन वर्षं खालच्या विहिरीवरून हंडे वाहिले आणि एक दिवस माहेरी गेली. "दारात पाणी आलं की येईन," एवढंच म्हणाली होती.

खाणीचे मालक मार्तंडराव यांनी लढाईतली एक जीप लिलावात घेतली होती. सहदेव तिच्यावर ड्रायव्हर. त्याने ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे घालून ती उंच केली, पुढचा बंपर कापला, मागे पाण्याची दोन पिंपं बसवली. डोंगराची वाट ती चढायची, फक्त एका जागी अडायची. तिथे कातळाची गुडघ्याहून उंच पायरी होती. पायरीला टेकून एक धोंडा होता. डावं चाक त्या धोंड्यावर बरोबर चढलं, तरच जीप वर जाणार होती.

मार्तंडराव म्हणाले, "रविवारी दहाला येतो. पाणी वर गेलं तर जीप तुझ्याकडे. नाहीतर सोमवारी गिऱ्हाईक आहे."

सहदेव आधी सगळी वाट अनवाणी चालायचा. कुठला दगड डुगडुगतो ते तळव्याला कळतं, म्हणायचा. चाक ठेवायचं तिथे गेरूचा ठिपका लावायचा. गुरुवारी त्याचा पाय मुरगळला.

"बीए, आज ठिपके तू लाव. दगड दाखवलेत ना तुला?"

गेरू संपला होता. मी पानवाल्याकडून चुना आणला. ठळक दिसेल, असं वाटलं.

खाणीत जो दगड फोडायचा त्यावर चुन्याने खूण करतात. चार महिने मी तिथे जात होतो. मला हे माहीत नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी सुरुंगवाला धाकू हसत आला. "सहदेवा, तुझो पायरीकडचो धोंडो उडवलंय रे! केवढी ती खूण! आता चाय पाज."

सहदेवने बशी खाली ठेवली. "चुनो कोणी लावलो?"

"मी," मी म्हणालो.

धाकूचं हसू गेलं. सहदेव माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "बीए झालास ना रे तू?" शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

धोंड्याच्या जागी दगड रचून चढ करायला धाकू माणसं बोलवायला निघाला, पण शनिवारचा बाजार होता, वस्ती रिकामी होती. मी जवळचाच एक दगड उचलायला वाकलो. सहदेवने माझा हात बाजूला केला.

"माझो मी रचतंय. तू पत्र लिही."

"काय लिहू?"

"लिही, उद्या पाणी येतला."

मी लिहिलं. त्याने श्वास रोखून सही केली आणि लंगडत वाटेकडे गेला. एकटाच. मी हाक मारली, त्याने मागे बघितलं नाही.

रविवारी मी पोचलो तेव्हाही तो रचतच होता. मार्तंडराव घड्याळ बघत उभे होते. "काय रे, जमणार की नाही? मला जायचंय."

"जमतला," सहदेव म्हणाला. त्याने चपला काढल्या.

डावं चाक दगडांच्या रचाईवर चढलं. क्षणभर जीपचं तोंड आभाळाकडे होतं. मग रचाई सरकली, मागच्या भरल्या पिंपांनी जीप ओढली आणि ती त्याला घेऊन उलटी दरीकडे गेली. मी जागचा हललो नाही. धाकू ओरडत खाली धावला. सहदेव गेला होता.

नंतर मी पायरीपाशी गेलो. रचाईची उजवी बाजू शाबूत होती. दोन थर पुरे, तिसऱ्यात तीन दगड. चौथा दगड त्याने जवळच ठेवला होता. त्याचा एक कोपरा छिन्नीने तासला होता, दुसरा तासायचा होता.