पत्ता बदलला की

दुपारी लाइट गेली आणि आली. फळीवरच्या छोट्या सर्व्हरचा हिरवा दिवा जरा लुकलुकला आणि स्थिर झाला. त्यात आईबाबांचे सगळे फोटो आहेत. माझी धाकटी बहीण ते परदेशातून बघते.

लाइट गेली की आमच्या घराचा इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे तो लांबलचक आकडा, बदलतो. पूर्वी मग तिचा फोन यायचा. ‘दादा, फोटो उघडत नाहीत. परत लाइट गेली का रे?’ मी नवा आकडा सांगायचो. तो सांगून होईपर्यंत ती आमटीला आई काय घालायची ते विचारायची, मी बाबांच्या खोकल्याची नक्कल करायचो आणि फोन ठेवायचं दोघांच्याही लक्षात राहायचं नाही.

मग मलाच हुशारी सुचली. एका रविवारी सर्व्हरवर एक प्रोग्रॅम बसवला. आता आमच्या घराला इंटरनेटवर कायमचं नाव आहे. आकडा बदलला की प्रोग्रॅम तो नावापुढे आपोआप भरतो. बहीण नुसतं नाव टाकते, फोटो उघडतात. तिचं काही अडत नाही, म्हणून फोनही येत नाही. ‘मी आता इथे आहे,’ हे यंत्र किती सहज कळवतं! आमचं बोलणं व्हायला मात्र काहीतरी बिघडावं लागायचं.

आज मीच फोन लावला.

‘काय झालं, दादा?’ ती घाबरलीच.

‘काही नाही. लाइट गेली होती. फोटो दिसतायत ना?’

‘हो, आत्ताच पाहिले.’

‘बरं,’ मी म्हणालो. आज फोन ठेवायचं दोघांच्याही लक्षात होतं.