उत्तरेकडे डोकं

जावळाच्या दिवशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझ्या मुलाचा फ्लेक्स लागला होता. पाच महिन्यांचं पोर, डोक्यावर फेटा, डोळ्यांवर काळा गॉगल आणि खाली ठळक अक्षरांत 'युवराजांचा जावळ सोहळा'. युवराजांना त्या सुमारास मान धरणं नुकतंच जमू लागलं होतं. खालच्या अंगाला शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो होते. त्यांतल्या निम्म्यांनी बाळाला पाहिलं नव्हतं, आणि एकाने तर फ्लेक्सवर झळकल्यानंतर माझ्या नवऱ्याला विचारलं, "मुलगा झाला का मुलगी?" मी मंगरूळपीरच्या कॉलेजात इतिहास शिकवते. युवराजांविषयी थोडंफार वाचलेलं आहे. गॉगल कुणालाच नव्हता.

अंगणात मांडव घातला होता. आसेगावहून माझा भाऊ आला होता. मामा म्हणून मांडीवर घ्यायचा मान त्याचा. तो पाटावर बसला, बाळ त्याच्या मांडीत, समोर न्हावी. मुलाचं जावळ दाट होतं, कुरळं, कानांवर आलेलं. आल्यागेल्या प्रत्येकाने त्याचं कौतुक केलं होतं. त्या केसांखाली काय आहे ते कुणी पाहिलं नव्हतं.

कपाळापासून वस्तरा मागे सरकत गेला. बाळ रडलं, थांबलं, मामाच्या शर्टाचं बटण तोंडात घालू लागलं. मागच्या बाजूला आल्यावर न्हाव्याचा हात थांबला. त्याने ओल्या फडक्याने डोकं पुसलं, बाळाला जरा फिरवलं, वरून पाहिलं आणि मला म्हणाला, "वैनी, पोराचं डोकं इकून बसलं न."

पावसात भिंत बसते. विहिरीचा काठ बसतो, चालता धंदा बसतो. डोकं बसतं हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

मी जवळ जाऊन पाहिलं. उजवीकडचा मागचा भाग सपाट होता. थोडासा नाही, कणकेचा गोळा परातीत ठेवून विसरून जावं आणि तो खालून पसरावा, तसा. वरून पाहिलं तर उजवा कान डाव्याच्या पुढे सरकलेला दिसत होता. माझ्या हातातलं हळदीकुंकवाचं ताट कुणीतरी काढून घेतलं. कुणी, ते आठवत नाही. पाच महिने या मुलाला मी पाजलं होतं, तेल लावलं होतं. हाताला कळायला हवं होतं. पण हात रोज त्याच आकारावरून फिरत होता. डोकं म्हणतात ते असंच असतं, अशी त्याची समजूत झाली असावी.

फोटोग्राफर पुढे आला. "मॅडम, बाळाले थोडं डाव्या अंगानं धरा. फोटोत काहीच नाही येनार."

जेवणं सुरू होईपर्यंत दोन्ही घरांच्या तोफा लागल्या होत्या. सासूबाई वाढता वाढता माझ्या आईसमोर थांबल्या.

"काहून वो इहीनबाई, तुमच्या इकडे मोहरीची उशी नाई करत काय पोरासाठी?"

"केली होती न. दोन दोन केल्या होत्या."

"मंग?"

"डाक्टरनं काढाले लावली. नाकातोंडाशी येते म्हने."

"डाक्टरले काय, त्याले थोडंच बसाचं हाय लगनाच्या बोहल्यावर हे डोकं घेऊन."

"तीन महिने माह्याजवळ होतं पोरगं, दोन महिन्यापासून तुमच्याजवळ हाय," आई पुरी मोडत म्हणाली. "कोनाजवळ बसलं, ते त्या डोक्यावर लिहून नाई ठेवलं कोनं."

मी वाढप सोडून आत गेले. भांडणात दोघींची बाजू बरोबर होती आणि त्यामुळे ऐकवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोक्यावरून बोटं फिरवली, पुन्हा फिरवली आणि शांतपणे म्हणाले, "कवटीची हाडं वेळेआधी जुळली असतील तर ऑपरेशन लागतं. नसतील तर काही नाही. मला इथे सांगता येणार नाही. अकोल्याला दाखवा." पहिल्या आणि दुसऱ्या वाक्यात जेमतेम एक श्वास गेला. मी पहिल्या वाक्यातच राहिले. ऑपरेशन म्हणजे कुठे, म्हणजे काय कापतात, हे विचारायचं होतं, तोंड उघडलं आणि मी विचारलं, "फी बाहेर द्यायची का?"

अकोल्याच्या एसटीत नवरा मोबाईलवर वाचत होता. थोड्या वेळाने त्याने मोबाईल खिशात घातला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. तो भूमी अभिलेख कार्यालयात आहे, लोकांच्या शेतांची मोजणी करतो; दोन भावांमधला बांध इंचभर सरकला तर काय होतं ते रोज पाहतो. त्याचा चेहरा पाहून मला कळलं की त्याने जे वाचलं ते बांधापेक्षा वाईट होतं. बाळ माझ्या मांडीवर उताणं होतं आणि उजवीकडे, खिडकीकडे, बघत होतं.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाई भराभर बोलणाऱ्या, कमी शब्दांच्या. त्यांनी बाळाला वरून पाहिलं, दोन्ही कानांवर बोटं ठेवून पाहिलं, कवटीवरच्या सांध्यांवरून अंगठा फिरवला. "हाडं मोकळी आहेत," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनचा प्रश्न नाही. एकाच अंगावर डोकं टेकून टेकून चपटं झालंय."

मी खुर्चीवर बसले. म्हणजे, बसायचं असं काही ठरवलं नव्हतं.

"नेहमी उजवीकडेच बघतो का?"

"हो मॅडम," नवरा उत्साहाने म्हणाला. गेल्या दोन महिन्यांतली त्याची ही सगळ्यात आवडती गोष्ट होती; ऑफिसात सगळ्यांना सांगून झाली होती. "दाराकडे बघत असतो सारखा. मी ऑफिसातून यायची वाट बघतो."

डॉक्टरीणबाईंनी बाळाची मान हळूच डावीकडे वळवली. ती अर्ध्यावर अडली आणि बाळाने भोकाड पसरलं.

"तो वाट बघत नाही," त्या म्हणाल्या. "त्याची मान तिकडेच वळते. एका बाजूचा स्नायू आखडलाय."

नवऱ्याने बाळाचं टोपडं हातात घेतलं आणि त्याची घडी घालत राहिला.

मान मोकळी करायचे व्यायाम त्यांनी दाखवले. जागा असेल तेव्हा डोळ्यांसमोर पालथं घालायचं, झोपवायचं मात्र उताणंच, उशी कुठलीही नको, आणि झोपण्याची दिशा उलटी करायची: जिथे डोकं तिथे पाय. दार मग त्याच्या डावीकडे येईल आणि तो आपोआप मान तिकडे वळवील. "दीड-दोन महिने बघू. नाही सुधारलं तर हेल्मेट. पण फार थांबता येणार नाही. डोकं वाढतंय तोवरच हेल्मेटचा उपयोग. आत्ताच घ्यायचं असेल तर बाजूच्या खोलीत माणूस आहे, बोलून घ्या."

बाजूच्या खोलीतला माणूस टाय लावून बसला होता. अकोल्यात, एप्रिलमध्ये. त्याच्याजवळच्या गुळगुळीत कागदावर एक गोरंपान बाळ निळं हेल्मेट घालून हसत होतं आणि वर लिहिलं होतं की प्रत्येक बाळाचा गोलाईवर हक्क आहे. घटनेत हे कुठे आहे, ते मी विचारलं नाही. हेल्मेट आंघोळीपुरतं काढायचं, बाकी दिवसरात्र डोक्यावर. बाहेर डांबर पातळ होत होतं. किंमत सांगताना त्याने आवाज खाली घेतला, गाभाऱ्यात घेतात तसा. वर म्हणाला, "मॅडम, उद्या मोठा होऊन त्यानं विचारलं, आई, तू का नाही केलंस, तर काय सांगाल?"

एवढ्या वेळात मला पहिल्यांदा राग आला. पण प्रश्न आत राहून गेला, हेही खरं. अजून आहे.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"हेलमेट?" त्या म्हणाल्या. "माह्या पोराचं हेलमेट दहा सालापासून गाडीच्या आरशाले लटकून राह्यलं. पोलीस दिसला का डोक्यावर, गेला का आरशाले. आन लेकरानं पाळन्यात घालाचं?"

"अजून ठरलं नाही, आई. आधी त्याची झोपायची दिशा बदलायची आहे."

"मंग बदला. त्याले कोन नाई म्हनते."

मी आतल्या खोलीत गेले. ती खोली अरुंद आहे. पलंग लांबीनेच बसतो, आडवा बसत नाही. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पूर्वेचं दार. बाळाचं डोकं दक्षिणेला, लोखंडी कपाटाच्या दिशेला असायचं. आता ते दुसऱ्या टोकाला करायचं. दाराशी उभ्या असलेल्या सासूबाईंच्या हे माझ्याआधी ध्यानात आलं.

"उत्तरेकडे?"

"हो."

"उत्तरेकडे डोकं मेल्या मानसाचं करतेत, बाई. तोंडात गंगाजळही घालतं काय?"

हा वाद मला हवाच होता, असं म्हणायला हरकत नाही. अंधश्रद्धेवर मी दर वर्षी एक तास घेते आणि तो चांगला होतो. उत्तरेला डोकं करून अर्धी पृथ्वी झोपते, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मी बाळाला उचललं, फिरवलं आणि उत्तरेकडच्या टोकाला त्याचं डोकं टेकवायला वाकले.

हात खाली जाईनात.

मागच्याच दिवाळीआधी माझे वडील गेले. आसेगावच्या घरात, समोरच्या खोलीत, फरशीवर त्यांना ठेवलं होतं. पोटुशी म्हणून मला बसायला खुर्ची दिली होती. त्यांचं डोकं ज्या बाजूला होतं ती बाजू कुणीतरी विचारून, खात्री करून घेतली होती: "उत्तर इकडेच न?" ते मी ऐकलं होतं. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आता माझा मुलगा माझ्या हातांत आडवा होता, नुकतंच मुंडण केलेलं ते वाकडं डोकं घेऊन, आणि मला दिसत होती ती फरशी. एवढं वाचलेलं माझ्या हातांपर्यंत पोचलंच नव्हतं, याचा धक्का मला न्हाव्याच्या वाक्यापेक्षा मोठा बसला.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या जिंकल्या होत्या. पुढे येऊन त्यांनी बाळाला माझ्याकडून घेतलं आणि खांद्याला लावलं. असे दोन दिवस गेले. मुलगा जुन्याच दिशेने झोपत होता आणि दाराकडे बघत होता. डॉक्टरीणबाईंचं 'फार थांबता येणार नाही' माझ्या डोक्यात चालू होतं. टाय लावलेल्या माणसाचा कागद मी दोनदा उघडला.

तिसऱ्या दिवशी नवरा ऑफिसातून आला, चप्पल न काढता आत गेला आणि मोबाईल काढून पलंगाच्या दक्षिणेकडच्या टोकाशी उभा राहिला.

"माय, इकडे ये. आपल्या घराची उत्तर कोनं ठरवली?"

"तुया आज्यानं. कोन ठरवन?"

"आज्याजवळ होकायंत्र होतं?"

"आज्याजवळ डोये होते."

"हे पाय," त्याने मोबाईल त्यांच्यापुढे धरला. काटा भलतीकडेच, पलंगाचं पलीकडचं टोक आणि दार यांच्या मधे कुठेतरी, रोखलेला होता. "उत्तर इकडे हाय. पलंग सरळ नाई उत्तर-दक्षिन. तिकडचं टोक वायव्येले येते. मी दिवसभर हेच करतो, माय. वायव्येले डोकं केलेलं चालते न?"

सासूबाईंनी काट्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "वायव्येचं काई ऐकलं नाई मी," त्या म्हणाल्या. "मंग आधीच काहून नाई सांगतलं?"

मीही काट्याकडे पाहिलं. मग, मोबाईल धरलेल्या हातापासून वीतभर अंतरावर असलेल्या लोखंडी कपाटाकडे. लोखंडाजवळ काटा फिरतो हे शाळेच्या पुस्तकात असतं. मोजणी करणाऱ्याला तर ते पुस्तकातही बघावं लागत नाही. नवऱ्याने माझ्याकडे बघायचं टाळलं. मी बाळाला घेतलं आणि वायव्येला त्याचं डोकं टेकवलं. या वेळी हात खाली गेले. वायव्येला माझं कुणी गेलेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी त्याने भिंतीकडे पाहिलं. व्यायामाला तो इतका रडायचा की शेजारीण विचारून गेली. सासूबाई त्याला पालथं घालून समोर स्वतः पालथ्या पडायच्या आणि "काय पाह्यतं रे चपट्या" म्हणायच्या. तो मान उचलून त्यांच्याकडे रागाने बघायचा. मग एका संध्याकाळी गाडीचा आवाज आला, आणि त्याची मान डावीकडे वळली, अडली, आणखी थोडी वळली. नवरा दारात गाडीचं हेल्मेट घेऊन उभा होता. वाट बघतो असं आता आमच्या घरात कुणी म्हणत नव्हतं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी वरून बराच वेळ पाहिलं. मान मोकळी झाली होती, सपाटपणा कमी होता. गेलेला नव्हता. "थोडं राहील कदाचित. हेल्मेटसाठी मी आग्रह धरणार नाही. तुम्ही ठरवा." आम्ही बाहेर बाकावर बसून ठरवलं. नको. बाजूच्या खोलीचं दार उघडं होतं. मी त्या बाजूला न बघता गेले.

पावसाळ्याआधी खोलीला चुना लावायचा म्हणून लोखंडी कपाट बाहेर काढलं. त्या दिवशी नवऱ्याचा मोबाईल पलंगावर पडला होता. सासूबाईंनी तो उचलला, तो काट्याचा भाग उघडून मागितला, आणि मी उघडून दिला. मला नाही म्हणता आलं नाही. त्या पलंगाच्या त्याच टोकाशी उभ्या राहिल्या, मुलगा गाढ झोपला होता, आणि काटा कुठेही न डगमगता सरळ त्याच्या डोक्याकडे रोखलेला होता.

त्यांनी मोबाईल मला परत दिला.

"चुना सुकला का कपाट होतं तिथंच ठेवाले सांग," त्या म्हणाल्या. "आन हळू बोल. लेकरू झोपून राह्यलं."