झाकणातलं भोक

आमचं घर चाकांवर आहे. जुनी डिझेल मिनीबस. सीटा काढून फळ्या टाकल्या, शेगडी बसवली, मागं कोकरांसाठी जाळी केली. दादा गाडी चालवतो, मी मेंढरांसोबत पुढं पायी असतो. त्या खेपेला केदारखेड्याजवळ एका वावरात मेंढरं बसवली होती आणि तीन दिवस दादा नि मिस्तरी गाडीखाली झोपून होते. एक्झॉस्ट ब्रेक धरत नव्हता.

हा ब्रेक म्हणजे सायलेन्सरच्या नळीतलं एक झाकण. बटण दाबलं की हवेच्या जोरावर ते मिटतं, धूर कोंडतो आणि इंजिनच गाडी रोखून धरतं. आमची गाडी थोडी हळू व्हायची आणि पुन्हा सुटायची. पुढं तर घाट उतरायचा होता, आणि तिथं नुसता पायाचा ब्रेक तापून सुटतो.

मिस्तरीनं बटण बदललं. वायर तपासली. हवेच्या पाइपाला साबणाचा फेस लावून पाहिला, एकही बुडबुडा नाही. झाकण ढकलणारा दांडा डिझेलनं धुतला. "हवा बराबर हाये, दांडा बराबर हाये. मंग जोर कुठं जाऊन राह्यला?"

"तुमच्या डोक्यातून," दादा म्हणाला. "दोन दिवस झाले, नुसता फेस काढून राह्यले."

पहिल्याच दिवशी मिस्तरी नळी खोलायला निघाला होता. मीच म्हणालो, "आतलं झाकण मी पाह्यलंय. चांगलंय." त्यानं विश्वास ठेवला.

खरं असं की झाकणाला भोक मीच पाडलं होतं. ब्रेक लागला की गाडी घुसमटल्यासारखी गुरगुरायची आणि मेंढरं बिथरून रस्ताभर पांगायची. दोनदा एक-एक मेंढी समोरून येणाऱ्या गाडीखाली गेली. दादा मंठ्याच्या बाजाराला गेल्ता, तेव्हा मी नळी खोलली, वेल्डिंगवाल्याकडून झाकणाला ड्रिल मारून आणलं नि नळी परत बसवली. आवाज कमी झाला. मेंढरं नीट चालायला लागली. मला वाटलं, जमलं.

मग बोललो का नाही? पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी, काल का बोललो नाही याची लाज. तोवर मिस्तरी सगळ्यांच्या शिव्या खात होता, आणि मी त्याला चहा नेऊन देत होतो.

तिसऱ्या दुपारी दादानं पाना फेकला. "ऱ्हाऊ द्या. उद्या घाट नुसता गिअरवर उतरवतो. याच्या हाताला गुणच न्हाई." वहिनी भांडी गाडीत भरू लागली.

"दादा, झाकणाला भोक हाये," मी म्हणालो. "म्याच पाडलं."

"केवढं?"

मी अंगठा दाखवला.

मिस्तरी हातातलं फडकं पिळत म्हणाला, "तीन दिवस मी माझ्याच कामावर शक घेऊन राह्यलो, भाऊ." एवढंच बोलून तो नळीचे चार बोल्ट सोडायला लागला.

दादा म्हणाला, "वहिनीला तूच जाऊन सांग."

सांगितलं. ती हातातलं पातेलं पुसत राहिली.

"भावजी, उद्या घाटात मी गाडीत असते. लेकरं, आई, सगळे असते. तुम्ही कुठं असते?"

मी मेंढरांसोबत पायी असलो असतो. तिला ते ठाऊक होतं. तरी ती माझ्या तोंडून ऐकायला थांबली होती.