मोहाच्या झाडाची राखण

त्या उन्हाळ्यात मला धड भूक लागायची नाही, झोप यायची नाही, आणि तरी इतका खूश मी आयुष्यात कधी नव्हतो. चांदा जिल्ह्याच्या जंगलावर माहितीपट काढायला मुंबईहून मंडळी आली होती आणि मी त्यांच्यात कॅमेरामनचा मदतनीस होतो. मूळचा मी वडशाचा. थोरले बंधू तिथे धानाच्या गिरणीवर कामाला होते आणि त्यांचं एकच पालुपद असायचं, लोकांच्या पेट्या उचलणं पुरे झालं, आता गिरणीवर ये. या उन्हाळ्यातही माझ्या हाती कॅमेरा आला नाही तर येतो, असं मी त्यांना सांगून बसलो होतो. सांगताना सोपं वाटलं. पण कॅमेरा असा कोण कुणाच्या हाती देतो?

माझं काम कॅमेऱ्याच्या डब्यांत फिल्म भरायचं. काळ्या कापडाच्या पिशवीत दोन्ही हात घालायचे आणि आत काही न बघता, नुसत्या बोटांच्या अंदाजाने भरायची. चांद्याच्या उन्हात घामाचा एक थेंब पडला की फिल्म वाया जायची, म्हणून मी ते काम पहाटे हात कोरडे असतानाच उरकायचो. कॅमेरामन मोठे कसबी, पण तोंडाचे फटकळ. माझ्यावर डाफरताना ते कधी थकले नाहीत आणि त्यांचं काम बघताना मीही कधी थकलो नाही.

तेंदूपानांची तोडणी अजून दूर होती; बाकी सगळं चित्रण पार पडत आलं आणि मोहफुलं वेचण्याचा प्रसंग तेवढा राहिला. आम्ही शहाण्यासारखे चांगला उजेड बघून, ऊन वर आल्यावर गोंडांच्या त्या गावात पोचलो. झाडाखाली एक फूल नव्हतं. मोह गळतो पहाटे, बाया वेचतात तांबडं फुटता फुटता, आणि आमच्या कॅमेऱ्याला तेवढ्या उजेडात काही म्हणजे काही दिसत नव्हतं. दिग्दर्शक साहेबांनी यावर लगेच तोड काढली. टोपलीतली फुलं पुन्हा झाडाखाली पसरा, पुन्हा वेचा, आम्ही चित्र घेतो. सिनेमात हे रोज चालतं, त्यामुळे यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही.

ज्यांचं झाड होतं त्या वयस्क बाईंनी टोपली उचलून कडेवर घेतली.

"झाडानं देल्लं, आमी उचललं. आता ते परत मातीत टाका म्हणता? झाडाले काय वाटन, भाऊ?"

साहेबांनी बरंच समजावलं, फुलं तुम्हालाच परत मिळतील म्हणाले. त्या ढिम्म हलल्या नाहीत. मोहाचा हंगाम सरत आला होता, बाकीची झाडं रिती झाली होती आणि चांगलं गळणारं हेच एक उरलं होतं. मी मध्ये पडलो आणि उद्या ऊन येईपर्यंत झाड न वेचता ठेवाल का, असं विचारलं. त्यांनी जरा विचार केला. मग म्हणाल्या, थांबते, पण राखण तुम्ही करायची. ढोरं येतील, अस्वलही येईल, हाकलायला त्या येणार नाहीत. आम्ही कबूल झालो.

त्याच संध्याकाळी कॅमेरामनना ऊन लागलं. अंग तव्यासारखं तापलेलं, उठून बसता येईना. कैरीचं पन्हं पाजलं, कांद्याचा रस तळपायांना चोळला. साहेब दोन खाटांच्या मध्ये येरझारा घालत होते. शेवटी माझ्यापुढे थांबून त्यांनी विचारलं, "उद्या तू घेशील?"

घेईन म्हणालो. कॅमेरामननी मला जवळ बोलावलं. कॅमेऱ्याच्या स्प्रिंगला चावी पूर्ण दे आणि घाबरून मध्येच थांबवू नकोस, एवढंच ते म्हणाले. त्या दिवशी ते डाफरले नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली.

अंधार होता तेव्हाच आम्ही झाडाशी जाऊन बसलो. अस्वल काही आलं नाही, पण गावातली ढोरं आली. साहेब आपली मुंबईची छत्री उगारून एका वासरामागे झाडाभोवती गोल गोल धावत होते, आणि वासराला तो खेळच वाटत होता. आमच्या जीपचा ड्रायव्हर हसून हसून खाली बसला. मलाही हसू येत होतं, आणि मी पुन्हा पुन्हा कॅमेऱ्याची चावी तपासत होतो. फुलं टपटप पडत होती, एखादं माझ्या डोक्यावरही पडायचं.

ऊन आलं. बाया आल्या आणि वेचू लागल्या. मी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि चित्रण सुरू केलं. टोपल्या भरत आल्या तशा त्या बाई कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, असं सगळ्यांना दहादा बजावलं होतं. त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं, ओंजळभर फुलं पुढे धरली आणि हसल्या. "राखण बरी केली, भाऊ." पाठीमागे साहेबांनी बंद कर म्हणून चुटकी वाजवली. मी चावी संपेपर्यंत थांबलो नाही.

दोनच दिवसांनी कॅमेरामन उपचारासाठी मुंबईला गेले आणि फिल्मचे डबे आणि कॅमेऱ्याच्या पेट्या बरोबर घेऊन गेले. फिल्म धुऊन आल्याशिवाय काय उमटलंय ते देवालाही सांगता येत नाही. माझा जीव टांगणीला लागला. स्वप्नात धुतलेली फिल्म सगळी पांढरी, कोरी दिसायची. साहेब त्या चुटकीबद्दल काही बोलत नव्हते, आणि मी विचारतही नव्हतो. बंधूंचा निरोप आला, गिरणीत जागा धरून ठेवली आहे.

तेंदूपानांची तोडणी सुरू झाली तसे कॅमेरामन परत आले. त्यांना आणायला जीप घेऊन चांद्याच्या स्टेशनवर मीच गेलो. जंगलातून येताना उशीर झाला, गाडी येऊन गेली होती. मी त्यांना फलाटभर शोधून परत आलो, तर ते बाहेर जीपशेजारी झाडाखाली उभे होते. जीपमध्ये बसल्यावर फिल्मचं काय झालं ते विचारायचा मला धीर होईना.

"दोन ठिकाणी फोकस सुटलाय," ते म्हणाले. मी मान खाली घातली. "ती बाई हसते ना, ते तुझे साहेब पत्रातून काढून टाका म्हणत होते. मी उलट कळवलं, ते राहिलं तर माहितीपटावर माझं नाव ठेवा, नाहीतर माझं नावही काढा. ठेवलंय त्यांनी."

मी मान वर केली.

"आणि उद्या तेंदूपानाचं तूच घे. मला अजून फार अशक्तपणा आहे."

मी मागे वळून बघितलं. कॅमेऱ्याच्या लोखंडी पेट्या, ज्या उचलताना आम्हा दोघांना घाम फुटायचा, त्या जीपमध्ये चढवलेल्या होत्या. स्टेशनवर हमाल नव्हता आणि मी त्या पेट्यांना हात लावला नव्हता.