कोर्सला न गेलेला हवालदार

माझ्या निडी गावाहून फौजेत गेलो आणि बिनतारी संदेश धाडणाऱ्या सिग्नल तुकडीत लागलो. मोर्सच्या चावीवर माझा हात असा बसला होता, की पलीकडचा गडी नुसत्या ठोक्यांवरून मला ओळखून आधी रामराम पाठवायचा. हवालदार झालो. तुकडीतले जवान उस्ताद म्हणू लागले. पुढची पायरी नायब सुभेदाराची. तिला नव्या संगणकी बिनतारी सेटचा कोर्स लागायचा.

कोर्सचं बोलावणं दरवर्षी यायचं आणि आमचे साहेब दरवर्षी मान हलवायचे. "तू गेलास तर इथं सेट कोण बघणार?" मग ज्याच्यावाचून काही अडत नाही असा माझ्या हाताखालचा एखादा नाईक जायचा. आमच्याकडची रीतच ती. कामाच्या माणसाला कामाला जुंपायचं आणि बिनकामाच्याला शिकवून आणायचं! आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

नवे सेट आलेच. वाळवंटातल्या सरावात, ऐन मोक्याला, संपर्क तुटला. पडद्यावर इंग्रजी ओळी सरकत होत्या आणि जवान माझ्या तोंडाकडे बघत होते. मी सवयीनं जुना सेट पुढं ओढला, चावीवर संदेश ठोकला. परत ठोकला. उत्तर नाही. पलीकडच्या ठाण्यावर मोर्स समजणारा एकही माणूस उरला नव्हता, हे मागाहून कळलं. नव्या सेटमध्ये त्या दिवसाचा गुप्त संकेत भरायचा राहिला होता, एवढंच. कोर्स करून आलेल्या नाइकानं तो भरला आणि सेट बोलू लागला. साहेब माझ्याकडे न बघताच निघून गेले.

कोर्स नाही म्हणून बढती नाही, आणि बढती नाही म्हणून हवालदाराला ठरवून दिलेली नोकरीची वर्षं संपली. ट्रंक घेऊन निडीला उतरलो. बायको न्यायला आली होती.

"बढतीचं झालं काय?" तिनं विचारलं.

"नाय झालं."

ती बांधावरून पुढं चालू लागली. शेजारच्या शेतात वालाच्या शेंगा तोडणारी बाई तिथूनच ओरडली, "काय गो सुभेदारीण, आलं काय तुजं मानूस?" माझ्या बढतीच्या आशेवर गावानं तिला कधीपासून हे नाव लावलं होतं, मला ठाऊकच नव्हतं.

"व्हय, आलं," बायको म्हणाली, आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला.