ती पोस्ट मी लिहिली होती

आमच्या मराठी मंडळाच्या फेसबुक पानावर, गणपती झाल्यानंतरच्या आठवड्यात, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत ती पोस्ट मी लिहिली. सात वर्षं हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

न्यूझीलंडमधल्या एका शहराच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेत, मी हॉलच्या बुकिंगचं काम बघायचो. शेजारच्या टेबलावर पुण्याची एक मुलगी होती, पस्तिशीची. नवरा आणि शाळकरी लेक, तिघांचाही व्हिसा तिच्या त्या नोकरीवर होता. मंडळाचं पान आम्ही दोघंच चालवायचो. पोस्ट कुणीही टाकली तरी नाव मंडळाचंच दिसायचं.

त्या वर्षी हॉलमधल्या ढोल-ताशाच्या सरावाविरुद्ध तक्रार आली आणि सराव बंद झाला. तक्रारीचं पत्र माझ्याच टेबलावर आलं होतं. मी चिडून लिहिलं, ‘हॉलसमोरच्या पिवळ्या दाराच्या घरात एक आजीबाई मांजर घेऊन एकट्या राहतात. आपले ढोल किती वाजता थांबतात ते वहीत टिपून ठेवतात. पुढची आरती त्यांच्याच दारात करू या!’ लोक पोट धरून हसले. ऑफिसात कळलेलं बाहेर लिहायचं नाही, घरच्या फोनवरूनही नाही, या नियमाखाली माझी सही होती. पण मराठीत लिहिलेलं इथं कोण वाचणार? पोस्टखाली भाषांतराचं बटण असतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

शनिवारी मंडळातले तिघं जण गंमत म्हणून त्या दारात खरंच ताशा बडवून आले. आजीबाईंनी आतून कड्या लावून पोलिसांना फोन केला. संध्याकाळी त्यांची मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. मग त्या मुलीने पोस्टचं भाषांतर काढून कौन्सिलला पाठवलं. वहीची गोष्ट आईने फक्त तक्रारीच्या पत्रात लिहिली होती, तेव्हा ती फोडणारा आतलाच माणूस आहे, असं तिने कळवलं.

साहेबांनी चौकशी लावली. त्या गुरुवारी चहाच्या किटलीपाशी शेजारणीने मला गाठलं.

“काका, पोस्ट तुमची आहे.”

“हो गं.”

“मग तुम्ही जाऊन सांगा. मी नाव घेणार नाही. बाबांच्या वयाचे आहात.”

“सांगतो. सोमवारी. जरा नीट इंग्रजीत मांडू दे.”

“वीस वर्षं इंग्रजीतच भांडताय की फोनवर सगळ्यांशी!” ती हसली आणि कप घेऊन टेबलाकडे गेली.

मधले तीन दिवस माझे त्या पोस्टपायीच गेले. पोस्ट पुसून टाकली, तरी दर दहा मिनिटांनी फोन उघडून ती खरंच गेली का ते बघत होतो. फाटकापाशी गाडी थांबली की वाटायचं, कौन्सिलचे लोक आलेच. निवृत्तीला आठ महिने उरले होते. मंडळात मी ज्येष्ठ, सगळ्यांचा काका. माफीची चार वाक्यं मी कागदावर लिहून पाठ केली.

सोमवारी साहेबांनी ‘किया ओरा’ म्हणून इथला नमस्कार केला, खुर्ची दिली आणि सरळच विचारलं, “ही पोस्ट तुम्ही लिहिलीत का?” कागद खिशात होता. तो बाहेर न काढताच मी म्हणालो, “पानाचं सगळं तीच बघते. मला त्यातलं काही जमत नाही.”

पिकल्या केसांच्या माणसावर त्यांनी विश्वास ठेवला.

तिला विचारलं तेव्हा तिने एवढंच सांगितलं, ‘ती पोस्ट माझी नाही.’ मग कुणी लिहिली, यावर ती गप्प राहिली. काढून टाकल्याचा डाग नको म्हणून चौकशी पुरी होण्याआधीच तिने राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी तिने पानाच्या पासवर्डची चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली. “घ्या काका. आता खरंच तुम्ही एकटेच बघा.” नोकरीबरोबर व्हिसाही गेला आणि महिन्याभरात ती, नवरा आणि लेक पुण्याला परतली. आजीबाईही त्या घरी पुन्हा राहायला आल्या नाहीत.

यंदा तिचा निरोप आला. इथल्याच एका नोकरीसाठी ती अर्ज करते आहे. चौकशी चालू असताना कधी नोकरी सोडली होती का, असा अर्जात प्रश्न आहे. ‘काका, मी खरं लिहिलं तर तीच पोस्ट माझ्या नावावर चिकटते. तुम्ही कौन्सिलला लिहून द्याल?’

मी आता जॉन्सनव्हिल या उपनगरात मुलाकडे राहतो. त्याला आणि बायकोला सगळं सांगितलं, तर मुलगा म्हणाला, “डॅड, यू डोन्ट हॅव टू. इट्स ओव्हर.” बायको मात्र म्हणाली, “ती पोर निघाली तेव्हा मी तिला डब्यात लाडू दिले होते. तुम्ही शेजारीच उभे होतात हो.”

पत्र मी सहीनिशी कौन्सिलला पाठवलं आणि त्याची प्रत पुण्याला त्या पोरीला पाठवली. काल कौन्सिलचं उत्तर आलं. येत्या गुरुवारी बोलावलंय, सोबत एक माणूस आणता येईल. आजीबाईंच्या मुलीलाही कळवलंय आणि तिला समोर बसायचंय. तिच्या आईबद्दल ती काय सांगेल, याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. सोबत बायको येणार आहे. पाठ केलेलं माझ्या कामी येत नाही, म्हणून या वेळी कागद हातात धरूनच वाचायचं ठरवलंय. पहिलं वाक्य या लेखाच्या मथळ्याचंच आहे.