चकतीभोवतीचं खळं

बुरहानपूरच्या राजपुऱ्यात बाबांचं औषधाचं दुकान आहे, माझ्या जन्माच्याही आधीपासून. बाबा काही डॉक्टर नाहीत, पण फोपनारपासून चांदनीपर्यंतच्या खेड्यांतली माणसं त्यांना ‘डॉक्टरसाब’च म्हणतात. आधी ते दर वेळी दुरुस्ती करायचे. मग कंटाळले.

कोणी खोकत आला की बाबा आधी त्याची केळी कशी आहेत ते विचारायचे, मग कपाळाला हात लावून पाहायचे, आणि अँटिबायोटिकच्या पट्टीतून कात्रीने दोन-तीन कॅप्सूल कापून कागदाच्या पुडीत बांधून द्यायचे. “याने नाही बरं वाटलं तर दवाखान्यात जा बरं का,” हे शेवटी असायचंच. त्यात फसवाफसवी नव्हती. शेतातलं काम टाकून दिवसभर दवाखान्यात बसणं लोकांना जमत नाही, एवढंच त्यांच्या मनात असायचं. लहानपणी मी त्या पुड्या बांधायला बसायचे आणि माझे बाबा सगळ्या गावाला बरं करतात असं मला खरंच वाटायचं.

पुढे मी तपासणीचं शिक्षण घेतलं. आता पंधरा वर्षं बुरहानपुरातच एका लॅबमध्ये काम करते. माझं टेबल जंतूंचं. रुग्णाचा नमुना आला की तो खरवसासारख्या थरथरणाऱ्या थरावर पसरायचा आणि उबेत ठेवायचा. जंतू असले तर दुसऱ्या दिवशी त्यांचे ठिपके दिसतात. मग तेच जंतू नव्या प्लेटवर पसरून वर औषधाच्या कागदी चकत्या ठेवायच्या, कपाळावरच्या टिकलीएवढ्या. ज्या औषधाने जंतू मरतात त्याच्या चकतीभोवती स्वच्छ गोल उमटतो, चंद्राला खळं पडतं तसा. जे औषध निकामी झालंय त्याच्या चकतीला चिकटून जंतू वाढतात. गेल्या काही वर्षांत ही खळी कमी होत चालली आहेत, हे मी रोज पाहत होते. बाबांना एकदा बोलले होते. ते हसले आणि म्हणाले, “बेटा, तुझ्याकडे बरे न झालेलेच येतात. बरे झालेले माझ्याकडे येतात.”

गेल्या हिवाळ्यात आईला लघवीला जळजळ सुरू झाली. आई शाळेत शिक्षिका होती. तिच्या शाळेत बायकांसाठी धड सोय नव्हती, म्हणून शाळा सुटेपर्यंत पाणी न पिण्याची सवय तिने लावून घेतली, आणि निवृत्तीनंतरही ती सुटली नाही. हा त्रास तिला वर्षभरात चौथ्यांदा होत होता. दर वेळी बाबा दुकानातून कॅप्सूल आणायचे, दोन दिवसांत जळजळ थांबली की आई त्या बंद करायची आणि उरलेल्या कपाटात ठेवायची. “बरं वाटलं ना, मग उगाच पोटात विष कशाला?” असं तिचं म्हणणं. पुढच्या वेळी बाबा जरा जास्त ताकदीची आणायचे. मला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं.

या वेळी पाच दिवस गोळ्या घेऊनही जळजळ थांबेना. मी भेटायला गेले तर अर्ध्या तासात आई चार वेळा उठली. चौथ्या वेळी मी दारात उभी राहिले, तेव्हा तिने सगळं सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी नमुन्याची डबी घेऊन गेले.

“हे तू तपासणार?” आई लाजली.

“माझी दुपटी कोणी धुतली?”

“ते वेगळं.”

“मग हेही वेगळं. घे.”

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिची प्लेट उजेडात धरली. बारा चकत्या होत्या. पहिलीला खळं नाही. दुसरीला नाही. तिसरी, चौथी... बाबांच्या दुकानातल्या फळीवर औषधं ज्या ओळीने लावलेली असतात ती ओळ मला पाठ आहे, आणि त्याच ओळीने ती एकेक निकामी झालेली माझ्यासमोर होती. रोज अशा प्लेटी वाचते, पण त्या दिवशी पुन्हा पहिल्या चकतीपासून मोजायला लागले. एवढ्यात कडेच्या एका चकतीभोवती लख्ख गोल दिसला. औषध खूप जुनं, आता क्वचितच कोणी लिहून देतं असं. दोन इंजेक्शनंही लागू पडत होती.

आमच्या लॅबच्या मॅडमनी पाहिलं आणि म्हणाल्या, “इंजेक्शनं आहेत, पण ती राखून ठेवायची असतात. तुझ्या आईला ताप नाही, पाठ दुखत नाही. या जुन्या गोळीवर काम होईल. डॉक्टरांना दाखव.”

डॉक्टरांनी आधी मूत्रपिंडाची तपासणी करून घेतली. ती नीट आली, तेव्हा लिहून दिलं: सात दिवस, जेवणाबरोबर, एकही वेळ न चुकवता.

रिपोर्ट घेऊन मी दुकानात गेले. बाबांनी चष्मा लावून तो वरून खालपर्यंत वाचला. औषधांची नावं त्यांना मला सांगावी लागली नाहीत.

“यातली निकामी ठरलेली मीच दिलीत तिला,” ते म्हणाले.

“बाबा, तिनेही मधेच बंद केल्या ना.”

“बंद कर असं नाही, पण पूर्ण कर असंही मी कधी म्हटलं नाही. आणि मुळात गरज आहे की नाही, हे तरी कोणाला विचारलं?” रिपोर्टची घडी घालत म्हणाले, “मला ती प्लेट दाखवशील?”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गिऱ्हाइकाच्या वेळेला, दुकान बंद करून ते लॅबमध्ये आले. असं मी तरी कधी पाहिलं नव्हतं. मॅडमना विचारून मी त्यांना बंद झाकणातून प्लेट दाखवली. कितीतरी वेळ ते वाकून पाहत होते.

“दिसायला तर दुधाच्या साईसारखे आहेत.”

“हो. पण औषध पोटात गेलं की कच्चे मरतात, पक्के उरतात. मग मोकळ्या जागेत पक्क्यांचीच वाढ होते. आणि हे आपली युक्ती शेजारच्या जंतूंनाही देतात. सर्दीला औषध दिलं तर सर्दीचं काही बिघडत नाही, पण पोटातले जंतू मात्र शिकतात.”

“म्हणजे मी इतकी वर्षं शाळाच चालवली म्हण की,” बाबा म्हणाले. ते हसले नाहीत, आणि मलाही हसू आलं नाही. मी त्यांचा हात धरला. म्हातारा झालाय हात, हे तेव्हा जाणवलं.

गंमत म्हणजे ते जुनं औषध बाबांच्या दुकानातच नव्हतं. कोणी मागत नाही म्हणून त्यांनी ठेवणं सोडलं होतं. त्यांनी चार ठिकाणी फोन केले आणि संध्याकाळपर्यंत मिळवलं. मग सात दिवस दोन्ही वेळा ते स्वतः आईच्या ताटाशेजारी पाण्याचा तांब्या घेऊन बसले.

“मी काय पहिलीतली पोर आहे?” आई म्हणायची.

“पहिलीतली पोरं ऐकतात,” बाबा म्हणायचे.

गोळी सुरू केल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी आईचा फोन आला. “अगं, मला कावीळ झाली! लघवी पिवळीजर्द आहे!” मी सांगितलं की त्या गोळीचा रंगच तसा उतरतो. मागून बाबा म्हणत होते, “मी सांगितलं होतं, पण माझं कोण ऐकतं?” तिसऱ्या दिवशी जळजळ थांबली आणि आईने नेहमीप्रमाणे पट्टी कपाटाकडे नेली. बाबांनी ती हातातून काढून घेतली. “अजून चार दिवस आहेत.” सात दिवस झाल्यावर तेच डॉक्टरांना विचारायला गेले, आणखी तीन दिवस देऊ का म्हणून. डॉक्टर म्हणाले, “काका, सात म्हणजे सात. कमी नाही, जास्त नाही.”

त्यानंतर बाबांनी चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देणं बंद केलं. पहिल्याच आठवड्यात त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक आलं, एक केळीवाला.

“डॉक्टरसाब, सर्दी हो गई, दो कॅप्सूल काट दो.”

“सर्दीला ते चालत नाही भाऊ. वाफ घे, आराम कर. ताप चढला तर दवाखान्यात जा.”

“इतने साल तो दिया!”

“इतने साल गलत दिया,” बाबा म्हणाले.

तो माणूस चिडून पुढच्या दुकानात गेला. मी तिथेच होते. बाबा गल्लीकडे पाहत उभे राहिले. त्यांना ते लागलं होतं. त्या माणसाच्या लग्नाला ते गेले होते. काही लोक अजून परतले नाहीत. काही परतले, वाद घालतात, पण थांबतात. आई आता संध्याकाळी दुकानात जाऊन बसते आणि चिठ्ठी घेऊन आलेल्यांना विचारते, “डॉक्टरांनी किती दिवस सांगितल्या? बोल.” चुकलं तर पुन्हा म्हणायला लावते. मोठमोठे शेतकरी तिच्यासमोर हात मागे बांधून उत्तर देतात.

दोन महिन्यांनी आईला पुन्हा जळजळ होतेय की काय अशी शंका आली, म्हणून डॉक्टरांनी पुन्हा तपासणी सांगितली. प्लेटवर काहीच उगवलं नाही.

“गेले ना सगळे?” तिने विचारलं.

खोटं बोलवेना. “त्रास देणारे गेले. पण तसले काही आतड्यात उरलेले असतील. गरज नसताना औषध घेतलं नाही, तर हळूहळू त्यांचा जोर कमी होतो.”

आईने क्षणभर विचार केला. “राहू दे मग. गुपचूप राहत असतील तर माझं काही म्हणणं नाही.” आणि तिने बाबांना हाक मारली, “अहो, पाणी आणा. लेक म्हणते जास्त प्यायचं.”

बाबा तांब्या घेऊन आले, आणि ती पूर्ण पिईपर्यंत उभे राहिले.